थिबा राजवाडा: आधी घर, मग कपाटं

(ठाण्यात इतिहासप्रेमी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या सभागृहातल्या निम्म्या लोकांची गावं रत्नागिरीच्या आसपास असणार. गणपतीला जाता, शिमग्याला जाता, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन परतता. थिबा राजवाडा पाहिलाय का, असं विचारलं तर भराभर हात वर होतील. पण आत काय पाहिलंत, असं विचारलं की उत्तर येतं, "मूर्ती होत्या काही, एक मोठा हॉल होता, आणि वरून खाडी काय सुंदर दिसते!" वीस मिनिटांत माणूस बाहेर पडून थिबा पॉइंटवर फोटो काढायला मोकळा. त्या वीस मिनिटांचे दोन तास कसे करायचे, एवढाच आजचा विषय.

गोष्ट लाकडापासून सुरू करावी लागते. १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. मुख्य धंदा सागवानाचा. १८८५ साली मंडालेच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाच्या, थिबाच्या, दरबाराने तिच्यावर ठपका ठेवला की जंगलातून नेलेले ओंडके कमी दाखवले, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांचा ब्रह्मदेशातला वावर इंग्रजांना सलत होताच, त्यात हे आयतं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात इंग्रजी फौजा इरावती नदीतून वर चढल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. थिबा राजाला आधी मद्रासला ठेवलं, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. ठाण्यात आगगाडी १८५३ साली आली होती. रत्नागिरीला ती यायला १९९० चं दशक उजाडलं. पावसाळ्यात बोटीही बंद. राजाला लोकांपासून तोडून ठेवायचं तर याहून सोयीची जागा कुठली?

आता एक साधी वजाबाकी करा. राजवाडा तयार झाला १९१० साली. राजा वारला डिसेंबर १९१६ मध्ये, रत्नागिरीतच. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम सहा वर्षं या घरातली; आधीची चोवीस वर्षं दुसऱ्याच बंगल्यांत गेली. चारही राजकन्या त्या आधीच्या वर्षांत वाढल्या. त्यामुळे 'राजा इथे तीस वर्षं राहिला' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि १८८० चं रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर उघडून त्यात थिबा शोधत बसू नका. तो आला त्याच्या सहा वर्षं आधीचं ते छापील आहे.

राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परतली. तिच्यामागे राहिलं ते घर. आज तळमजल्यावर पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. त्यात जिल्ह्याचा इतिहास आहे, आणि जिल्ह्याचा इतिहास म्हणजे काही थिबाचा संसार नव्हे. राजाचं सिंहासन, राणीचे दागिने बघायला म्हणून जाणारे हिरमुसले होऊन परततात ते इथेच. राजाबद्दल सगळ्यांत जास्त बोलणारी वस्तू तिथे एकच आहे, आणि आपण तिच्या आत उभे असतो.

म्हणून तिकीट काढल्यावर लगेच आत शिरू नका. आधी घराला एक पूर्ण फेरी मारा. नजर खालून वर न्यायची: जोतं, भिंत, खिडक्या, छप्पर.

जोत्यापाशी पाहायची ती ओल. कोकणात भिंतीला जांभा असतो. खाणीतून काढताना चिरा मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल इतका. हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रं, त्यामुळे पाणी पितो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल तर प्यालेलं पाणी उन्हाळ्यात बाहेर पडतं. पुढे कुणी तरी 'पक्कं काम' म्हणून सिमेंट फासतो आणि पाण्याची वाट बंद होते. मग ते वर चढत जातं आणि सिमेंट जिथे संपतं तिथे फुटतं. भिंतीवर कमरेच्या उंचीला पांढरी भुकटी दिसली, रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर तो लोणा. बोटाने खरवडू नका, नुसतं बघा. तो पट्टा जमिनीपासून किती वर आहे त्यावरून पाणी खालून येतंय की छपरातून, हे कळतं. खालून येणारी ओल सहसा भिंतभर सरळ रेषेत चढते. छपराची ओल एकाच जागी ओघळ धरते.

मग खिडक्या. अर्धवर्तुळाकार कमानी, लाकडावरचं कोरीव काम आणि रंगीत काच ही या वाड्याची ओळख. लोक बाहेर उभे राहून काचेचा फोटो काढतात आणि फोटोत काळी काच येते. रंगीत काच आतून पाहायची, आणि ऊन ज्या बाजूला असेल त्याच बाजूची. सकाळी एक बाजू, चारनंतर दुसरी. यासाठी तरी दोनदा आत जावं.

छप्पर उतरतं. जिथे दोन पाखी एकमेकांना मिळून मधे पन्हळ होते, तिथे नजर लावा. पाचोळा अडकतो, पाणी तुंबतं, खालचे वासे कुजतात. पावसाळी प्रदेशातल्या कुठल्याही जुन्या घराचं दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. रत्नागिरीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो हे लक्षात ठेवून वर बघा. मौजेसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. पण घर समजून घ्यायचं असेल तर जुलैत जा. जुलैत घर काही लपवत नाही.

आत गेल्यावर सागवानाशी थांबा. सागाचा गाभा टिकतो, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पण कडेचं फिकट लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, ती खाते. आणि दुरुस्तीत स्वस्त लाकडाचा तुकडा बसवला असेल तर आधी तोच खाते. जुन्या चौकटीत मधेच एखादा तुकडा पोखरलेला दिसला तर समजा, तो नंतरचा. तुळईचं सगळ्यांत नाजूक ठिकाण म्हणजे भिंतीत शिरलेलं टोक. भिंत ओली तर टोक कुजतं, आणि मधली तुळई मात्र ठणठणीत दिसते. करवतीच्या खुणाही शोधा, विशेषतः रंग न लावलेल्या मागच्या बाजूला. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात. गोल पात्याच्या यंत्राने कापलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा उठतात. खिळा दिसला तर डोकं बघा: चौकोनी असेल तर तो जुन्या घडणीचा, गोल तारेचा असेल तर त्यानंतरच्या घडणीचा. बर्मी साग आणि आपला साग नुसत्या डोळ्यांनी वेगळा करता येतो, असं छातीठोक सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका.

आता एक युक्ती, सोबतीला छोटा टॉर्च हवा. रखवालदाराला विचारून, परवानगी घेऊन, टॉर्च भिंतीला समांतर आडवा धरा, म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जाईल. समोरून सपाट दिसणारी भिंत एकदम बोलकी होते. बुजवलेल्या दाराची कड, जुन्या वायरिंगच्या लाकडी पट्टीची खूण, तसबिरीच्या खिळ्यांची भोकं, सगळं सावलीत उठून दिसतं. त्या काळच्या बंगल्यांत छताजवळ भिंतीला कधी एक गोल भोक सापडतं. त्यातून कापडी पंख्याची दोरी बाहेरच्या पडवीत जायची आणि तिथे बसलेला माणूस तासन् तास ती ओढायचा. कुठल्याही इंग्रजी थाटाच्या घरात ते भोक, मागचा अरुंद जिना आणि न्हाणीघराला बाहेरून असलेलं दार, या तीन जागा शोधा. बाहेरचं दार मैला काढणाऱ्यासाठी, म्हणजे त्याचा पाय घरात पडू नये म्हणून. स्वयंपाकघरही बहुधा मुख्य घरापासून सुटं, धूर आणि आगीच्या भीतीने. दिवाणखान्यात घराचा थाट कळतो, घर चालायचं कसं ते या जागांत कळतं.

वरचा संगमरवरी फरशीचा हॉल मी तुम्हाला वेगळा सांगत नाही, तो आपोआप दिसतो. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती मात्र चुकते, तिकडे जरूर जा. शेवटच्या राजाची भक्ती कुठे वळली होती ते तिथे कळतं.

मग आता संग्रहालयाची कपाटं. दालनात उजेड कमी आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कापड, कागद, जलरंग यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू नये असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. तैलचित्र आणि रंगवलेल्या लाकडाला २०० पर्यंत चालतो. दुपारच्या उन्हात हजारो लक्स असतात, म्हणून आत शिरल्यावर अंधार वाटतो. पाच मिनिटं गप्प उभे राहा, डोळे सरावतील. फ्लॅश मारू नका. त्याहून अवघड शत्रू दमटपणा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. राहतं घर रोज उघडतं, चुलीचा धूर फिरतो, वारा खेळतो. त्याच घराचं संग्रहालय केलं की चोरीच्या भीतीने खिडक्या बंद होतात आणि आतली हवा कोंडते. घर वाऱ्यासाठी बांधलेलं, वस्तूंना हवा असतो बंदोबस्त. हा तंटा अशा प्रत्येक वास्तूत असतो, आणि सहसा त्यात घर हरतं.

त्याच दिवशी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान पाहून घ्या, आणि ते राजवाड्याआधी. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेला माणूस १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होता, आणि मंडालेचा राजा त्याच काळात रत्नागिरीत. हा योगायोग सगळे सांगतात. पण घरांची तुलना फारसं कोणी करत नाही. ओटी, पडवी, माजघर अशी आत आत जाणारी कोकणी रचना आधी डोळ्यांत साठवली, की राजवाड्याचं परकेपण लगेच जाणवतं.

जाण्याचं सोपं आहे: ठाण्याहून पहाटेची जनशताब्दी धरली तर सकाळीच पोचता. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, गणपतीच्या दिवसांत ते डोळ्यांदेखत संपतं. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा करावी लागते. सोमवारी सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा.

शेवटी ठाण्याचं. इथला किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे तो तुरुंग झाला आणि आजही आहे, त्यामुळे आत जाऊन सावकाश बघायची सोय नाही. राहिले जुने वाडे, चाळी, बंगले. ते पुनर्विकासात जातायत. पाडकामाच्या करारात मलब्याची किंमत धरलेली असते, आणि त्या मलब्यातला महागडा माल म्हणजे सागवान. ज्या लाकडाच्या दंडावरून एक राज्य गेलं तसलं लाकूड इथे घनफुटावर विकलं जातंय. सगळं वाचवता येणार नाही. एक दरवाजा वाचवा, पण चौकट, बिजागऱ्या, कडी-कोयंडा यांसह अखंड. उतरवण्याआधी टेप लावून फोटो काढा, सांध्यांना खडूने आकडे घाला. पॉलिश किंवा तेल लावू नका. जमिनीपासून चार इंच वर, पट्ट्यांवर, भिंतीला न टेकवता ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलंत तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येईल. जुनी सुती चादर पुरे. आणि चौकटीच्या मागे इमारतीचं नाव, मजला, खोली, दाराची दिशा आणि उतरवल्याची तारीख लिहा, कारण हे ठाऊक नसेल तर कुठलंही संग्रहालय तो दरवाजा घेणार नाही. लिहायचं पेन्सिलने. शाई दमट हवेत पसरते.