बिडाला गेलेली भेग

(आवाज: थंड इंजिन. टिक, टिक, टिक.)

हा आवाज नीट ऐका. गाडी थंड असताना येतो आणि दहा मिनिटांत गायब होतो. पुष्कळ जण म्हणतात, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, वाजतंय. टॅपेट नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भेग गेलीय. तापल्यावर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुगतं, भेग मिटते, आवाज थांबतो. दुखणं तिथंच असतं.

चारही सिलिंडरमधला जळका वायू एका नळीत आणून सोडणारा हा ओतीव तुकडा. इंजिनावर जोर पडला की त्यातला वायू ७००-८०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. मॅनिफोल्ड लांबीला वाढतो, निवला की आखडतो. त्याला सरकता यावं म्हणून अनेक मॅनिफोल्डमध्ये टोकाची भोकं मुद्दाम सैल ठेवलेली असतात. इथं मात्र कुणीतरी कधीतरी ते नट जीव खाऊन आवळलेत. सरकायला वाव नाही म्हटल्यावर बीड तडकणारच.

कंपनीच्या यादीत या भागाच्या क्रमांकापुढे दोनच शब्द आहेत: उत्पादन बंद. भंगारात दुसरा मिळेलही, पण तोसुद्धा तितकीच वर्षं तापलेला-निवलेला असणार. म्हणून आहे तोच दुरुस्त करायचा.

(दृश्य: ज्योत, नट, मेणबत्ती.)

आधी तो उतरवायचा. मिस्त्री नट लाल होईपर्यंत तापवतात, ज्योत बाजूला घेतात आणि आट्यांना मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून आत ओढलं जातं. मग पाना. जरा सैल, जरा घट्ट, पुन्हा सैल. घाई केली की नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, स्टड, तुटतो. एक तुटलाच, तो काढायला जेवढा वेळ लागला तेवढी आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी टिकली नाही.

टेबलावर ठेवून मिस्त्री हातोडीनं हलकेच वाजवून बघतात. अखंड बीड खणखणतं. हे बद्द वाजतं.

आता लाल रंग फासायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, स्वच्छ पुसायचा आणि वरून पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा.

(निवेदन नाही. पांढऱ्यावर लाल रेघ उमटेपर्यंत थांबा.)

डोळ्यांना भेग दोन इंच दिसत होती. रंगानं तीन दाखवली.

पहिलं काम, भेग पुढं जाऊ द्यायची नाही. तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं एकेक भोक. ताण सगळा टोकाशी एकवटतो. टोक गोल झालं की तो पसरतो. मग ग्राइंडरनं भेगेच्या रेषेवर पन्हळीसारखी खाच.

साधा वेल्डिंग रॉड इथं चालत नाही. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. ते वितळून झटकन निवलं, तर जोडाशेजारचा धातू काचेसारखा ठिसूळ होतो आणि नवी भेग जोडाच्या कडेनंच जाते. म्हणून निकेलचा रॉड. निकेल मऊ राहतं, ताण सोसतं. आख्खा तुकडा भट्टीत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून घेतलाय. आता इंचभर वेल्ड, लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं ठोकणं, आणि थांबणं. आखडत चाललेला जोड ठोकल्यानं किंचित पसरतो, ओढ कमी होते. पुन्हा इंचभर. तीन इंचांना आख्खी दुपार गेली, इथं ते चाळीस सेकंदांत उरकतंय.

गरम असतानाच कोरड्या राखेत पुरायचं. रात्रभर.

सकाळी इंजिनाला टेकणाऱ्या तोंडांवर सरळ पट्टी धरली तर खालून उजेड दिसतो. मधली दोन तोंडं खाली बसलीत. मिलिंग मशिनवर चारही एका पातळीत आणली.

(दृश्य: पुठ्ठा आणि हातोडी, अगदी जवळून.)

गॅस्केटही, म्हणजे सांध्यात बसणारा पातळ थरही, मिळत नाही. मिस्त्री तोंडावर पुठ्ठा धरतात आणि कडेकडेनं टकटक करत जातात. बिडाची धारच पुठ्ठा कापते. भोक पडतं, ते अगदी जागच्या जागी. मापपट्टी खिशातच आहे. हाच साचा गॅस्केटच्या पत्र्यावर ठेवून कापायचं. भाग बंद झाला तरी त्याचा नकाशा असा तुटक्या तुकड्यातच असतो, आणि आपण तो ‘अडगळ नको’ म्हणून किलोवर विकून टाकतो. नवा हातात येऊन बसेपर्यंत जुना सोडू नका. गंजून चाळणी झालेली नळीसुद्धा.

एवढी खटपट कशाला? गळका मॅनिफोल्ड नुसता वाजत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीच्या आत शिरू शकतो. शिवाय भेगेतून बाहेरची हवा ओढली गेली की ऑक्सिजन सेन्सर फसतो, त्याला इंधन कमी पडतंय असं वाटतं आणि इंजिन जास्त इंधन पितं.

जोडणी. नट मधून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. टोकाचे नट ठरल्या मापाबाहेर अजिबात आवळायचे नाहीत.

(आवाज: थंड इंजिन. वीस सेकंद निवेदन नाही.)

हा धूर हाताचं तेल आणि राहिलेलं मेण जळल्याचा. पाच मिनिटांत जातो. इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यायचं आणि पाना पुन्हा एकदा लावायचा, कारण गॅस्केट पहिल्या तापात दबते.

आठांपैकी तीन नट किंचित फिरले. बाकीचे जागचे हलले नाहीत.