औषधाचं आडनाव

श्रोतेहो, नमस्कार.

दारात अनोळखी पाहुणा आला की आपण आधी विचारतो, "आडनाव काय?" आडनाव कळलं की गाव, घराणं, कोण कुणाचे हे सगळं हळूहळू बाहेर येतं. औषधाच्या दुकानात मात्र आपण म्हणतो, "ती निळ्या पाकिटातली द्या हो, मधे रेघ असलेली." त्या गोळीचे महिन्याला दोन-तीन हजार मोजतो, पण तिचं आडनाव काही विचारत नाही.

स्ट्रिप हातात घेऊन उलटी करा. प्रत्येक गोळीत कोणतं औषध किती मिलिग्रॅम आहे, ते तिथे छापलेलं असतं. ते मूळ औषधाचं नाव. ब्रँडचं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, मूळ नाव मात्र कोणत्याही कंपनीच्या पाकिटावर तेच. या मूळ नावाची शेवटची अक्षरं म्हणजे आडनाव. शेवटी 'सार्टन' आलं तर ते रक्तदाबाचं घराणं. 'स्टॅटिन' बहुधा कोलेस्टेरॉलचं. 'प्राझोल' बहुधा ॲसिडिटीचं. 'ग्लिप्टिन' आणि 'ग्लिफ्लोझिन' ही दोन्ही मधुमेहाची. पुन्हा सांगते: सार्टन, स्टॅटिन, प्राझोल, ग्लिप्टिन, ग्लिफ्लोझिन.

यातल्या ग्लिफ्लोझिन घराण्यातली एक गोष्ट सांगते.

एम्पाग्लिफ्लोझिन नावाचं औषध. मूळ ब्रँडची गोळी तेव्हा साठ रुपयांच्या आसपास होती. 11 मार्च 2025 ला त्याचं भारतातलं पेटंट संपलं. पेटंट असेपर्यंत ती गोळी कोणी बनवायची, हे पेटंटवाली कंपनी ठरवते. ते संपलं की ज्यांच्याकडे परवाना आहे त्या सगळ्यांना बनवता येते. त्याच आठवड्यात 10 मिलिग्रॅमची गोळी साडेपाच रुपयांपासून मिळायला लागली.

नाशिकरोडला, जेल रोडवर राहणारे एक मामा. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. साखर आहे, रक्तदाबही आहे. साखरेची एक गोळी सकाळी, एक रात्री, आणि महिन्याचं बिल तीन हजारांच्या वर. भाच्यानं पेपरात बातमी वाचली आणि तडक घरी आला. "मामा, साठची गोळी साडेपाचला झाली! तुम्ही लुटले जाताय." मामा म्हणाले, "मग बघ बाबा तूच." भाच्यानं गाडी काढली आणि गोळे कॉलनी गाठली. गोळे कॉलनी म्हणजे नाशिकची औषधांची पेठ. तिथे औषध मिळतं, गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथून त्यानं एम्पाग्लिफ्लोझिन 10 च्या तीन स्ट्रिपा आणल्या. बिल झालं दोनशेच्या आत. घरात भाच्याचा सत्कारच व्हायचा बाकी होता.

तीन आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर 130 वरून 190 वर गेली. मामा म्हणाले, "स्वस्त ते स्वस्तच. यात दमच नाही." आणि इथे बहुतेक सगळे असंच म्हणतात बरं का! पण त्या गोळीचा काही दोष नव्हता. मामांच्या जुन्या स्ट्रिपवर एक नव्हे, दोन नावं होती. एम्पाग्लिफ्लोझिन 5, आणि खालच्या ओळीत मेटफॉर्मिन 500, हेही साखरेचंच औषध. म्हणजे जोडगोळी. दिवसाला दोन, म्हणजे 10 मिलिग्रॅम एम्पाग्लिफ्लोझिन आणि 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. भाच्यानं वरचं नाव वाचलं, खालचं वाचलंच नाही. तीन आठवडे मामांच्या पोटात मेटफॉर्मिनचा कण गेला नव्हता.

पुढचं ऐका. साखर वाढली म्हणून मामांनी जुन्या उरलेल्या स्ट्रिपा पुन्हा काढल्या. सकाळ-रात्र जुनी जोडगोळी सुरू केली. आणि नवीन? "पैसे दिलेत, वाया कशाला घालवायच्या?" म्हणून ती दुपारी! आता दिवसाला एम्पाग्लिफ्लोझिन झालं 20. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, तिच्याबरोबर पाणीही जातं. त्यात मामांच्या रक्तदाबाच्या गोळीतही लघवी वाढवणारं औषध होतं. वर मे महिना. देवळालीला बसच्या रांगेत उभे असताना मामांना घेरी आली आणि ते खालीच बसले. नशीब, मागच्यानं धरलं.

डॉक्टरांकडे निघायच्या आधी मामींनी एक काम केलं. त्यांना इंग्रजी वाचायची फारशी सवय नाही. त्यांनी हळदीकुंकवाच्या यादीची वही घेतली आणि घरातली प्रत्येक स्ट्रिप उलटी करून अक्षरं जशीच्या तशी उतरवली. डावीकडे ब्रँड, पुढे मूळ नाव, पुढे आकडा, पुढे कधी घेतात. दोन नावं असली तर दोन ओळी. सारखी अक्षरं आली की खाली लाल रेघ. लाल रेघा दोन निघाल्या. एक अर्थातच एम्पाग्लिफ्लोझिनखाली. दुसरी कुणाच्या स्वप्नातही नव्हती: पँटोप्राझोल. हाडांच्या डॉक्टरांनी एका ब्रँडचं दिलेलं, साखरेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या. एकच औषध, वर्षभर दोनदा विकत! मामी भाच्याला म्हणाल्या, "तू पेपर वाचलास रे, पण पाकीट कोण वाचणार?"

डॉक्टरांनी वही बघितली, नवीन चिठ्ठी लिहिली, तीच जोडगोळी, तेच मिलिग्रॅम, पण मूळ नावानं. बिल सहाशेच्या आसपास आलं. एक प्राझोल बंद झाली.

तर मामींची वही. चार रकाने: ब्रँड, मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "याचं मूळ नावानं लिहून द्याल का?" हे विचारायला लाजू नका. डॉक्टरांनी मूळ नाव लिहावं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा वैद्यकीय परिषदेचा 2016 चा नियम आहे. (अक्षराबद्दल मी काही बोलत नाही. काही चिठ्ठ्या ईसीजीसारख्या दिसतात.) चिठ्ठीवर ब्रँड असेल तर दुकानदाराला परस्पर दुसरं औषध देता येत नाही, कायदाच आहे. तो "नाही" म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, चिठ्ठी बदलून आणा.

मिलिग्रॅमच्या पुढे 'एसआर', 'एक्सएल', 'ईआर' अशी अक्षरं असतील तर तीही उतरवून घ्या. ती गोळी हळूहळू विरघळणारी असते. ती साध्या गोळीनं बदलायची नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोडायचीही नाही. रक्तदाबाचं एक औषध आहे मेटोप्रोलॉल. मेटोप्रोलॉल सक्सिनेटची हळू विरघळणारी गोळी दिवसातून एकदा घेतात, टारट्रेटची साधी गोळी साधारण दोनदा. नाव एकच, शेजारचा शब्द वेगळा.

काही औषधांत डॉक्टरांशिवाय कंपनीही बदलायची नाही. थायरॉइडची गोळी, फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मनाच्या आजाराचं लिथियम, किडनी बदलल्यावरची औषधं. यांत थोडा फरकही जाणवतो. थायरॉइडची कंपनी बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. या यादीबाहेरची औषधं बदलताना एका वेळी एकच बदला, आधी पंधरा दिवसांचीच घ्या, आणि जुनी स्ट्रिप घराबाहेर काढा. दुपारची जागा तिला देऊ नका!

आता दुकान. सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात मूळ नावाची औषधं बरीच स्वस्त मिळतात. जवळचं केंद्र आणि किंमत 'जनऔषधी सुगम' या ॲपवर दिसते. फोन करायचा तर 1800 180 8080. तिथला साठा मधेच संपतो, म्हणून शेवटची गोळी संपायच्या आठ दिवस आधी जा. नेहमीच्या दुकानातही 'जेनेरिक' म्हणून मिळतात, पण तिथे एक गोम आहे. काहींवर छापील किंमत मोठी असते आणि दुकानदाराची खरेदी फार कमी. पाच-दहा टक्के सवलत दिली की आपण खूश. त्याच मूळ नावाची जनऔषधीतली किंमत आधी बघा, मग दुकानात बोला. कोथिंबिरीच्या जुडीला आपण घासाघीस करतो, इथे का नाही?

तुम्हाला दहाची स्ट्रिप नको, चारच गोळ्या हव्यात, तर चारच्या हिशेबानंच पैसे घ्यायचे, जास्त नाही. पण कापताना तारीख असलेली बाजू तुमच्याकडे येऊ द्या. तारखेवरूनच कात्री चालवायची ही कसली पद्धत, कळत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. त्याआधी छापलेल्या पाकिटावर जुनी किंमत असेल, बिल मात्र नव्या किमतीनं हवं. बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर बघा. जास्त किंमत लावली असं वाटलं तर औषध किंमत प्राधिकरणाचा फोन आहे 1800 111 255.

कॅन्सरसारख्या आजारात, जिथे अजून पेटंट आहे आणि दुसरी गोळीच नाही, तिथे कंपनीची रुग्ण मदत योजना आहे का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. पुष्कळ योजनांत नाव डॉक्टरांमार्फत नोंदवावं लागतं, आणि विकत घेतलेल्या औषधाची बिलं आणि रिकामी पाकिटं मागतात. म्हणून रिकामं पाकीट टाकू नका. आणि चिठ्ठीच्या तळाशी प्रोटीन पावडर किंवा टॉनिक असेल तर "याशिवाय चालेल का?" एवढं विचाराच. कधीकधी वरच्या चार गोळ्यांपेक्षा तो एक डबाच महाग असतो.

कागद-पेन शोधेपर्यंत नंबर निसटले असतील, म्हणून पुन्हा एकदा. जनऔषधी: 1800 180 8080. किमतीची तक्रार: 1800 111 255. आणि वहीचे रकाने चार: ब्रँड, मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ. नमस्कार.