पिशवी काढायची, पण कुठल्या वाटेनं?

[दृश्य: बेळगावचा बसस्टँड, सकाळी खानापूरहून आलेली बस]

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बायका तपासणीला बेळगावला येतात. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, सोबत सासू नाहीतर जाऊ. अंगावरून फार जातंय, गाठ आहे, अंग बाहेर येतंय. कर्करोग नाही, हे कळून जीव भांड्यात पडतो. गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, सगळं करून झालेलं असतं. मग गर्भाशयाची पिशवी काढायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, "मॅडम, दुर्बिणीनं करूया काय?"

दुर्बिणीची ओढ साहजिक आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, बोटाच्या पेराहून लहान तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात. १९८८ साली अमेरिकेत हॅरी राइश यांनी असं पहिलं ऑपरेशन केलं. पोट उघडण्यापेक्षा दुखणं कमी, बाई लवकर हिंडूफिरू लागते.

पण त्याआधी विचारायला हवं, ते बिनटाक्याच्या ऑपरेशनबद्दल. पोटावर एकही छेद नाही, पिशवी योनीमार्गातूनच सोडवून काढतात. बहुतेकदा कमरेतल्या इंजेक्शनवर भागतं. कॉक्रेन ही जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१५ च्या आढाव्यात ४७ चाचण्या, ५,१०२ स्त्रिया होत्या. जमत असेल तिथं हीच वाट बरी, असा त्याचा निष्कर्ष. दुर्बिणीला वेळ जास्त लागतो, आणि मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) इजा होण्याचा धोकाही पाहावा लागतो.

[दृश्य: आकृती, गर्भाशयाची धमनी आणि मूत्रवाहिनी]

इथं नीट बघा. गर्भाशयाला रक्त देणाऱ्या धमनीच्या अगदी खालून मूत्रवाहिनी जाते. धमनी बंद करताना हत्याराची उष्णता मूत्रवाहिनीला लागली, तर त्रास कधीकधी काही दिवसांनी कळतो. कोणत्याही वाटेनं गेलं तरी ही जागा टळत नाही, म्हणून सर्जनचा हात महत्त्वाचा.

गाठ फार मोठी, आतडी चिकटलेली, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा बीजकोशावर गाठ असेल, तर दुर्बीण उजवी ठरू शकते. आधी सिझेरियन झालंय एवढ्यानं मात्र बिनटाक्याची वाट बंद होत नाही. रोबोटच्या मदतीनं होणाऱ्या ऑपरेशनचं म्हणाल, तर अशा साध्या आजारांत ते दुर्बिणीपेक्षा सरस ठरलेलं नाही, आणि खर्च वाढतो.

[दृश्य: टेबलावर संमतिपत्र, शेजारी पेन]

फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेली बाई दाखवलेल्या जागी सही करते. बीजकोश ठेवणार की काढणार, हे त्यातच असतं. पाळी सुरू असलेल्या बाईचे चांगले बीजकोश विनाकारण काढले, तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो. हे तिला तिच्या भाषेत कुणीतरी सांगायलाच हवं, सहीच्या आधी.

आणखी एक. पोटावर टाका दिसत नाही म्हणून घरचे आठवड्यातच ऊसतोडीला, भाताच्या लावणीला धाडतात. योनीच्या वरच्या टोकाला आत टाके असतातच, आणि जड उचललं तर ते उसवू शकतात. सहा आठवडे घागर नाही, मोळी नाही, नवऱ्याशी संबंध नाही. डिस्चार्जच्या वेळी हे नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवून सांगा.