बद्द वाजणारी कळशी

तेरणेच्या काठावरचं तेर. पत्र्याच्या शेडमध्ये मामांनी एक पितळी कळशी मांडीवर घेतलीय. बोटाच्या पेरानं वाजवतात. ऐका… बद्द.

कळशी चिरलेली आहे. मामांचा चेहरा खुलतो.

या गावात भांडं वाजवून बघणं साधी गोष्ट नाही. संतांच्या मेळ्यात इथल्याच गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नरसीच्या नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ. काकांना पक्कं मडकं हवं होतं. मामा फुटकं शोधतात, कारण त्यांना त्यातून विठ्ठल करायचा असतो.

कळशी म्हणजे छाती. उलथन्यांचे दांडे वाकवून कमरेवरचे हात. उपडा पेला झाला मुकुट. कमरेखाली तळ गेलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं. पायाखाली मात्र खरी वीट, पडक्या वाड्यातली.

पितळेला नवसागर लावून कथलाचा डाग देऊन जोड बसवता येतो. जर्मन ऐकत नाही. घासून लख्ख केलं तरी हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि डाग सुटून येतो. मग भोकं पाडायची, रिबिटा ठोकायच्या. म्हणून या विठोबाच्या कमरेला रिबिटांची ओळ दिसते, करदोट्यासारखी. ती झाकून टाका, असं पहिल्या दिवशी मीच सुचवलं होतं. मामांनी ऐकलं नाही, फार बरं झालं.

गावात कुरकुर झाली. भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात; मग फुटक्या भांड्यांचा देव कसा चालेल? शेजारच्या आजींनी उलट विचारलं, "आन् आपल्या लक्ष्म्या कशाच्या असत्यात?"

खरंच. भाद्रपदात मराठवाड्यात घरोघरी महालक्ष्म्या उभ्या राहतात. कुठे लोखंडी कोठी, कुठे एकावर एक रचलेले डबे. वर मुखवटा, अंगावर ठेवणीतली साडी, पोटात धान्य. तिसऱ्या दिवशी विसर्जन होतं आणि कोठीत पुन्हा ज्वारी भरली जाते. स्वयंपाकघरातून देव उठणं आपल्याला नवं नाही.

ही कळशी आणून दिली ती एका ताईंनी. आईच्या लग्नातली. भंगारवाला किलोवर भाव सांगत होता, पण मोडीत घालवेना.

पंधरा दिवसांनी त्या विठ्ठल बघायला आल्या. हात जोडले नाहीत. आधी मूर्तीच्या डाव्या कुशीवरून बोटं फिरवली, काहीतरी चाचपत. पोचा सापडला. लहानपणी आडाच्या काठावर त्यांच्याच हातून कळशी निसटली होती, तेव्हाचा.

मग त्यांनी पेरानं हळूच वाजवून बघितलं.

"अजून बद्दच वाजतीय," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून पाया पडल्या.