कोपर सरळ होत नाही, मग ईसीजी काढला का?

शाळेत आपण पेशीचं चित्र काढायचो नं, मधात एक गोल आणि त्याच्याभोवती दोन रेघा, झालं केंद्रक. आज मी त्या दोन रेघांबद्दलच बोलणार आहे, कारण माझ्या एका विद्यार्थ्याचा जीव त्यांच्यापायी जाता जाता राहिला.

त्या रेघा म्हणजे दोन पटलं, त्यांना छिद्रं, त्यातून माल आतबाहेर होतो, एवढं पुस्तकात असतं. पण आतल्या पटलाला लागून लॅमिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांची जाळी असते. गावाकडे दोरीनं विणलेली बाज पाहिली असेल तुम्ही, तशीच. या जाळीला सन आणि नेस्प्रिन ही प्रोटीनं पटलांच्या आरपार जाऊन पेशीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतात, म्हणजे पेशी ताणली की केंद्रकालाही ओढ बसते. आणि जवळपास 2 मीटर डीएनए आत कोंबलेला असतो, त्यातले बंद ठेवायचे बरेच जीन या जाळीलाच चिकटून असतात, त्यामुळे वीण बिघडली की केंद्रक कमजोर होतं आणि नको ते जीनही चालू होऊ शकतात.

आता बाज कुठे लवकर ढिली होते, तर जिथे पोरं रोज उड्या मारतात तिथे. हृदय दिवसातून साधारण 1 लाख वेळा ठोके देतं, हातपायाचे स्नायू सारखे ताणतात, म्हणून लॅमिन बिघडलं की बहुतेक वेळा पहिला मार तिथेच बसतो. एमरी-ड्रायफस नावाचा स्नायूंचा आजार आहे, 1994 मध्ये त्याच्यामागे एमेरिन हे आतल्या पटलातलं प्रोटीन सापडलं आणि 1999 मध्ये लॅमिन ए चा जीन. गंमत नाही, खरंच अचंबा वाटतो, याच जीनमधलं एक अक्षर वेगळ्या जागी बदललं की प्रोजेरिया होतो, लहान लेकरू म्हातारं दिसायला लागतं. ते 2003 मध्ये कळलं आणि 2020 मध्ये अमेरिकेत लोनाफार्निब या औषधाला मंजुरी मिळाली, त्यानं आजार जात नाही पण आयुष्य वाढतं.

माझा विद्यार्थी दोन वर्षं माझ्याच वर्गात होता. फळ्यावर लिहिताना त्याचा हात कोपरात पूर्ण सरळ व्हायचा नाही, चालायचा चवड्यांवर, मान खाली वाकवता यायची नाही. लहानपणी पडला असेल, असं सगळे म्हणायचे, मीपण तेच धरून चाललो. वडील चाळिशीत अचानक गेले होते, घरच्यांनी ॲटॅक समजला. मग एक दिवस पोरगा जिन्यात कोसळला, नाडी चाळीसच्या खाली, हृदयातला करंट वरून खाली पोचतच नव्हता, आणि तपासणीत लॅमिनचाच दोष निघाला.

कोपर, टाच आणि मान, ही तीन नावं लक्षात ठेवा राजेहो. स्नायूंची कमजोरी किरकोळ असू शकते, पण हृदयाची वायरिंग आतून बिघडत असते, आणि कधी कधी नुसता पेसमेकर पुरत नाही, शॉक देणारं मशीन बसवावं लागतं. ईसीजी आमच्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत होतो, पाच मिनिटांचं काम आहे. आई किंवा वडील कोणाला लॅमिनचा दोष असला तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी, हातपाय चांगले दिसले तरी. त्याच्या धाकट्या बहिणीचा ईसीजी आम्ही काढला, नॉर्मल आला, जीनची टेस्ट अजून व्हायचीय, तोवर दरवर्षी काढत राहू.