खलित्यात काय लिहिलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतलं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याला लिंकन आठवतात. १८६१ ते १८६५ चाललेलं हे युद्ध. पण तेव्हा तिथे अध्यक्ष दोन होते. उत्तरेचे अब्राहम लिंकन आणि फुटून निघालेल्या दक्षिणेचे जेफरसन डेव्हिस. युद्ध चालू असतानाच दोघांच्याही घरातून एकेक मुलगा गेला. लिंकन यांचा विली अकरा वर्षांचा, डेव्हिस यांचा ज्यो पाच वर्षांचा.

विलीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १८६२. व्हाइट हाउसमध्ये विली आणि धाकटा टॅड, दोघेही तापाने पडले. बहुधा टायफॉइड. घरात पाणी यायचं पोटोमॅक नदीचं आणि त्याच नदीकाठी फौजेच्या छावण्या. आपल्याकडेही दर पावसाळ्यात पाणी उकळून प्या म्हणून घसा कोरडा करावा लागतो. लोक म्हणतात, मशीन लावलंय ना! असो. टॅड वाचला. विली २० फेब्रुवारीला संध्याकाळी गेला. त्याला आंघोळ घालून कपडे चढवले ते घरी शिवणकाम करणाऱ्या एलिझाबेथ केकली यांनी. या बाई पूर्वी गुलामगिरीत होत्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा आदल्याच वर्षी उत्तरेकडून लढताना पडला होता. विलीची आई अंत्यविधीलाही उठू शकली नाही. शवपेटी ठेवली जॉर्जटाउनच्या ओक हिल दफनभूमीत, कॅरल कुटुंबाच्या मालकीच्या दगडी कबरघरात. म्हणजे जागा दुसऱ्याची, आणि तीही तात्पुरती.

आता ज्योची गोष्ट. मला सांगायची होती ती हीच.

३० एप्रिल १८६४, शनिवार. व्हर्जिनियातलं रिचमंड शहर, दक्षिणेची राजधानी. उत्तरेचा सेनापती ग्रँट फौज घेऊन कधीही चालून येईल अशी वेळ. डेव्हिस यांचं खाण्यापिण्याकडे लक्ष नव्हतं, म्हणून पत्नी व्हरीना दुपारी टोपलीत जेवण घालून कचेरीत न्यायच्या. त्यांना दिवस गेलेले होते, सातवा महिना संपत आला होता. त्या दुपारीही मुलं घरात खेळत होती, ती सोडून त्या कचेरीत आल्या. टोपलीवरचं फडकं काढतात तोच घरचा नोकर बोलवायला आला. ज्यो खेळता खेळता गॅलरीच्या कठड्यावर चढला होता, आणि तिथून खाली विटांच्या फरशीवर पडला होता. आईबाप धावत पोचले आणि काही मिनिटांतच त्याने प्राण सोडला.

जाता जाता सांगतो, हल्ली दिसायला छान म्हणून कठड्याला आडव्या सळ्या लावतात. मुलांसाठी ती शिडीच. बिल्डर ऐकत नसेल तर घरमालकाने तरी जाळी मारून घ्यावी.

तर, मुलगा नुकताच गेलेला आणि दारात स्वार हजर. हातात खलिता. युद्ध कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. डेव्हिस यांनी खलिता घेतला, उघडला. कितीतरी वेळ नुसता हातात धरून ठेवला. मग बायकोकडे एकटक बघत विचारलं, "यात काय लिहिलंय ते तू मला सांगितलंस का?" कागद त्यांच्याच हातात होता, तरी विचारलं. मग उत्तर लिहायला बसले. लिहवेना. शेवटी ओरडलेच, आजचा दिवस मला माझ्या लेकराजवळ राहू द्या! कुणीतरी तो कागद दक्षिणेच्याच फौजेतल्या जनरल कूपर यांच्याकडे नेऊन दिला.

त्या रात्री घरोब्यातल्या मेरी चेस्नट तिथे होत्या. त्या रोजनिशी लिहीत. खिडक्यादारं सताड उघडी, वाऱ्याने गॅसचे दिवे फडफडताहेत, आणि माडीवर डेव्हिस यांच्या येरझाऱ्यांचा आवाज चाललेला, असं त्यांनी नोंदवलंय. ज्योचा थोरला भाऊ सात वर्षांचा. तो म्हणाला, मला येत होत्या तेवढ्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या, पण देव ज्योला उठवत नाही. दफन झालं जेम्स नदीकाठच्या हॉलिवूड दफनभूमीत. गावातली पोरं ओळीने आली, प्रत्येकाच्या हातात हिरवी डहाळी नाहीतर फुलं.

ऐकताना गलबलून येतं, पण एक विसरायचं नाही. गुलामांची मुलं आईबापांपासून तोडून विकायची मुभा ज्या व्यवस्थेत होती, ती टिकवायला हे डेव्हिस लढत होते. विकल्या गेलेल्या त्या मुलांसाठी कुणी ओळीने फुलं घेऊन गेलं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं पुस्तक अर्पण केलं ते गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकनांना, उगाच नव्हे. डेव्हिस यांचं दुःख खरं होतं आणि त्यांची बाजू चुकीची होती. दोन्ही गोष्टी खऱ्या.

पुढे एप्रिल १८६५मध्ये रिचमंड पडलं आणि ४ तारखेला लिंकन स्वतः तिथे गेले, टॅडला घेऊन. टॅडचा तो बारावा वाढदिवस. डेव्हिस घर सोडून गेले होते. लिंकन त्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत बसले आणि प्यायला पाणी मागितलं. दहा दिवसांनी लिंकन यांना गोळी घातली गेली. मग विलीची पेटी कॅरल यांच्या कबरघरातून बाहेर काढली, आणि वडिलांची नि त्याची पेटी एकाच आगगाडीने इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला गेली.

डेव्हिस १८८९ साली वारले, न्यू ऑर्लिन्सला. तिथल्या कबरघरात ठेवलेलं शव १८९३ साली रिचमंडला आणलं, हॉलिवूड दफनभूमीत, जिथे ज्यो आहे. नमस्कार.