बाण वर, की बाण खाली?

नमस्कार श्रोतेहो. कोणता अग्निबाण जास्त भरवशाचा, यावर आज बोलू या. सलग 10 उड्डाणं साधली की लोक म्हणतात, शंभर टक्के. तसं धरू नका. सोपा हिशेब आहे: आणखी एक यश आणि एक अपयश झालं असं धरून यशात 1 मिळवायचा, उड्डाणांत 2 मिळवायचे, मग भागायचं. 10 पैकी 10 म्हणजे 11 भागिले 12, साधारण 92 टक्के. युरोपच्या एरियान 5 ची 117 उड्डाणं झाली, 112 पूर्ण यशस्वी. 113 भागिले 119, म्हणजे 95. पुन्हा सांगतो: यशात 1, उड्डाणांत 2.

पण टक्का सगळं सांगत नाही. रशियाचं प्रोटॉन घ्या. 1965 पासूनचं यान, शेकडो उड्डाणं पाठीशी. 2 जुलै 2013, कझाकस्तानातला बैकानूर उड्डाणतळ. वर ग्लोनासचे, म्हणजे रशियाच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे, तीन उपग्रह, पोटात सुमारे 600 टन विषारी इंधन. यान उठलं आणि डोलायलाच लागलं. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, मग आडवं, मग नाक खाली. अर्ध्या मिनिटात मोडत-जळत तळाजवळ आदळलं. इंजिनं चालूच होती! यान तळावरच पडू नये म्हणून पहिली 42 सेकंदं ती बंद होऊ देत नाहीत.

मग ढिगाऱ्यातून सेन्सर निघाले. यान किती वेगानं वळतंय हे संगणकाला कळवणारे. एकूण सहा, त्यांतले डावं-उजवं वळण सांगणारे तीन उलटे बसवलेले. वरची बाजू कुठली, ते दाखवणारा बाण प्रत्येकावर होता. उलटा बसूच नये म्हणून बैठकीवर खुंट्याही होत्या. तरी बसवला, जोर लावून. धातूवर त्या जोराचे वळ उठले होते, चौकशीत तेच सापडले. यान डावीकडे कललं की सेन्सर सांगे उजवीकडे, आणि संगणक इमानानं त्याला आणखी डावीकडे ढकले.

तपासणी झाली नव्हती का? झाली होती. पण वायर जोडलेली आहे, सेन्सर बोलतोय, एवढंच विजेच्या चाचणीत दिसतं. तो उलटं बोलतोय, हे दिसत नाही. टॉर्चमध्ये सेल उलटा घातला तर दिवा लागत नाही, लगेच कळतं. इथे दिवा लागलेला होता.

आपल्या इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांतही पाना धरणाऱ्या फिटरला चांगला पगार हवा, आणि ‘साहेब, हे बसत नाहीये’ म्हणायची मुभा हवी. पार्ट बसत नसेल तर ठोकायचा नाही, थांबायचं. शाळांतला हस्तव्यवसायाचा तास मागे पडला, हे फार वाईट झालं.

तर टक्का ऐकलात की दोन गोष्टी विचारा: काय बिघडलं, आणि मग काय बदललं. आपल्या इस्रोचं जीएसएलव्ही यान, 12 ऑगस्ट 2021. द्रव हायड्रोजनच्या टाकीची झडप गळली. कुकरची शिट्टी गळकी असली की दाब धरत नाही, तसंच. वरचं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन पेटलंच नाही, ईओएस-03 उपग्रह गेला. काय बिघडलं? झडप. काय बदलायचं? समितीनं सांगितलं, झडप मजबूत करा, आणि इंजिन पेटण्याआधी टाकीत पुरेसा दाब देणारी यंत्रणा बसवा. त्याच जीएसएलव्हीचं पुढचं उड्डाण 29 मे 2023 ला झालं, आणि क्रायोजेनिक इंजिन पेटलं.